कुत्र्याचे दाणे: पिशवीवरचे आकडे आणि आपला पावसाळा

डोंबिवलीत रामनगर, टिळकनगरात चाळी आणि बैठी घरं होती तेव्हा कुत्र्याच्या जेवणाचा वेगळा विचार फारसा कुणी करत नसे. उरलेला भात, शिळी भाकरी, थोडं ताक. ठाण्या-कल्याणच्या आगरी-कोळी घरांत मासळीची डोकी आणि कालवणाचा रस्सा. कुत्रं दिवसभर मोकळं हिंडायचं आणि कमी पडेल ते बाहेर मिळवायचं. आता घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर किंवा पलावातल्या वन बीएचकेत लॅब्रडॉर असतो, बीगल असतो, शिह त्झू असतो. घरातली माणसं सकाळच्या लोकलने जातात आणि रात्री परततात. वाडग्यात जे पडेल तेच त्या कुत्र्याचं सगळं अन्न. शिवाय डोंबिवली-नौपाड्यातल्या कितीतरी शाकाहारी घरांना कुत्रा हवा असतो, पण ओट्यावर चिकन शिजवायचं नसतं. या सगळ्यांची सोय ड्राय फूडच्या दाण्यांनी केली. मी दाण्यांच्या विरोधात नाही. नीट बनवलेले दाणे घरच्या दूध-पोळीपेक्षा कुत्र्याला कितीतरी जास्त देतात. पण जो प्राणी वर्षानुवर्षं एकच अन्न खाणार, त्याचं अन्न आपण पिशवीवरचा फोटो, जाहिरात आणि दुकानदाराचा शब्द यांवर निवडतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. निवडीसाठी लागणारी बरीचशी माहिती त्याच पिशवीच्या मागे बारीक अक्षरात असते. ती वाचायची कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी हे पाहू, की हा माल तपासतं कोण. बिस्किटाच्या पुड्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहायची आपल्याला सवय झाली आहे. कुत्र्याच्या खाद्याला तो कायदा लागू नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातलं ‘अन्न’ म्हणजे माणसाचं अन्न. पशुखाद्य त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 11968 हे मानक या खाद्यासाठी आहे, पण ते ऐच्छिक आहे. बाहेरून येणाऱ्या मालाला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना लागतो. त्याचा भर रोगराई आत येऊ नये यावर असतो. वजनमापाच्या नियमांमुळे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना, किंमत आणि ग्राहक सेवेचा नंबर छापावाच लागतो. आत पोषण खरोखर किती आहे, हे दुकानातल्या पिशव्या उचलून नियमितपणे तपासणारी सक्तीची व्यवस्था आपल्याकडे नाही. म्हणून वाचणाऱ्याची जबाबदारी वाढते.

बऱ्याच पिशव्यांवर ‘आफको’चा उल्लेख असतो. ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, 1909 पासूनची. ती कुठल्याही पिशवीला प्रमाणपत्र देत नाही, मंजुरी देत नाही. कुत्र्याच्या अन्नात कोणता घटक किमान किती आणि काही घटक कमाल किती असावेत, याचे तक्ते ती ठरवते. त्यामुळे ‘आफकोमान्य’ असं छापलेलं दिसलं तर ते मोघम आहे असं समजावं. अर्थपूर्ण वाक्य असं असतं: हे खाद्य अमुक वयोगटासाठी आफकोच्या पोषणतक्त्यानुसार परिपूर्ण आणि संतुलित आहे. वयोगट महत्त्वाचा. प्रौढ कुत्र्याच्या अन्नात कोरड्या वजनाच्या किमान 18 टक्के प्रथिनं आणि 5.5 टक्के स्निग्धांश लागतात; वाढत्या पिल्लासाठी आणि गाभण कुत्रीसाठी हेच आकडे 22.5 आणि 8.5 आहेत. हे वाक्यच नसलेली पिशवी मी पूर्ण जेवण म्हणून घेणार नाही, मग समोर कितीही रसरशीत चिकन छापलेलं असो.

या वाक्याला दुसरा आधारही असू शकतो, तो म्हणजे प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून केलेली चाचणी. ऐकायला भारदस्त वाटते, पण तिची व्याप्ती माहीत असावी. प्रौढांच्या चाचणीत आठ कुत्री, 26 आठवडे, शेवटपर्यंत निदान सहा टिकली पाहिजेत, वजन फार घटता कामा नये आणि रक्ताच्या मोजक्या तपासण्या ठीक आल्या पाहिजेत. ढोबळ कमतरता यात पकडली जाते. बारा वर्षं तेच खाल्ल्यावर मूत्रपिंडाचं काय होईल, हे सहा महिन्यांत कळणं शक्य नाही. तरीही नुसत्या कागदावरच्या आकडेमोडीपेक्षा मी तिला जास्त मानतो.

आता मागच्या बाजूचा तो छोटा चौकोन. क्रूड प्रोटीन किमान इतकं, क्रूड फॅट किमान इतकं, क्रूड फायबर कमाल इतकं, मॉइश्चर कमाल इतकं. हे आकडे कुठून येतात, हे डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या क्यूसी लॅबमध्ये उमेदवारी केलेला कुणीही सांगेल. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढून मोजायचा आणि येणाऱ्या आकड्याला 6.25 ने गुणायचं, कारण प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये ही पद्धत दिली आणि आजही ती जगभर चालते. पण ती मोजते नायट्रोजन. तो चिकनच्या मांसातला आहे, सोयापेंडीतला आहे की पिसांचा, हे त्या फ्लास्कला कळत नाही. कोंबडीच्या पिसांच्या पुडीत क्रूड प्रोटीन ऐंशी टक्क्यांच्या वर भरतं, पण नीट प्रक्रिया झाली नसेल तर कुत्र्याच्या आतड्यात त्यातलं फारसं काही पचत नाही.

या पद्धतीच्या मर्यादेचा गैरफायदा किती क्रूरपणे घेता येतो, हे 2007 मध्ये अमेरिकेत दिसलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. मेलामाइन हे प्लॅस्टिक उद्योगातलं रसायन. त्यात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे चाचणीत प्रथिनं वाढलेली दिसतात. ते ग्लूटेन मांजरा-कुत्र्यांच्या खाद्यात गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन असंख्य प्राणी दगावले आणि कोट्यवधी डबे-पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूध पावडरीत तेच रसायन सापडलं.

तेव्हा प्रोटीनचा आकडा हा फक्त आरंभ. त्याहून सोपी गल्लत ओलाव्यामुळे होते. दाण्यांच्या पिशवीवर 20 टक्के प्रोटीन आणि शेजारच्या ग्रेव्हीच्या पाऊचवर 8 टक्के पाहून लोक पाऊच खाली ठेवतात. पाऊचमध्ये 82 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 18 भागांत 8 भाग प्रथिनं आहेत, म्हणजे कोरड्या वजनावर 44 टक्के. दाण्यांत 10 टक्के ओलावा धरला तर 20 ला 90 ने भागून 22 टक्के येतात. दोन वेगळ्या प्रकारच्या खाद्यांची तुलना पाणी वजा केल्याशिवाय करू नये.

आता दोन दाण्यांच्या पिशव्या घेऊ. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण दुकानात याच्या जवळपासचे सहज सापडतील. पहिलीत प्रोटीन 20, फॅट 10, फायबर 5, ओलावा 10. राख, म्हणजे जाळल्यावर उरणारी खनिजं, छापलेली नसेल तर 8 धरू. बेरीज 53. शंभरातून वजा केले की 47 उरतात आणि हे 47 म्हणजे मुख्यतः पिष्ट. कर्बोदकांचा आकडा या चौकोनात सहसा नसतो. तो असा काढावा लागतो. दुसऱ्या पिशवीत प्रोटीन 26, फॅट 16, फायबर 3, ओलावा 9, राख 7; पिष्ट 39.

आता कॅलरी. खाद्यातल्या एक ग्रॅम प्रथिनाला आणि पिष्टाला साडेतीन, तर स्निग्धाला साडेआठ कॅलरी धरायची रीत आहे. पहिलीचे शंभर ग्रॅम 320 कॅलरी देतात, दुसरीचे 364. कुत्र्याला दिवसाकाठी कॅलरी ठरावीकच लागतात, त्यामुळे खरा प्रश्न असा की हजार कॅलरीमागे किती प्रथिनं पोटात जातात. पहिलीतून साडेबासष्ट ग्रॅम, दुसरीतून साधारण 71. म्हणजे 20 आणि 26 या आकड्यांत जे तीस टक्क्यांचं अंतर वाटत होतं, ते निम्म्याहून कमी झालं. आफकोची प्रौढांसाठीची किमान मर्यादा हजार कॅलरीला 45 ग्रॅम आहे. दोन्ही तिच्या वर आहेत. ‘हाय प्रोटीन’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या पिशवीचे जादा पैसे द्यायच्या आधी हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दुकानातच करून पाहावं.

पैशांचंही तसंच. पहिली 250 रुपये किलो, दुसरी 420 रुपये किलो असेल तर दुसरी दोन-तृतीयांशाने महाग वाटते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, फारसं न पळणाऱ्या 25 किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक हजार पन्नास कॅलरी धरल्या तर पहिलीचे 328 ग्रॅम लागतील, रोजचे 82 रुपये. दुसरीचे 288 ग्रॅम, 121 रुपये. फरक उरतोच, पण दिसत होता त्यापेक्षा कमी. त्यात दुसरीतली प्रथिनं चांगली पचणारी असतील तर तो आणखी कमी होतो. किलोच्या भावाऐवजी दिवसाचा खर्च काढणं हीच खरी तुलना.

घटकांच्या यादीकडे वळू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि ते वजन शिजण्यापूर्वीचं असतं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. यादीत पहिलं ‘ताजं चिकन’ आणि दुसरा ‘तांदूळ’ असेल, तर यंत्रातून दाणे बाहेर पडेपर्यंत चिकनचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर आलेलं असतं आणि तांदूळ जवळपास तेवढाच राहतो. उलट ‘चिकन मील’ म्हणजे आधीच पाणी आणि बरीच चरबी काढलेली सुकी पूड; तिच्यात साठ-पासष्ट टक्के प्रथिनं असतात. त्यामुळे चिकन मील तिसऱ्या क्रमांकावर असलेला दाणा पहिल्या क्रमांकावर ताजं चिकन मिरवणाऱ्या दाण्यापेक्षा सकस असू शकतो. आणखी एक युक्ती पाहून ठेवावी. मका, मक्याचं ग्लूटेन, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा असे चार घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि मांसाचा घटक वर सरकतो. मनातल्या मनात धान्यांची बेरीज करावी.

‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दाला शहरी मालक उगाच बिचकतात. कोंबडीचं काळीज, कलेजी, पेटा, बकऱ्याची वजडी आपल्याकडे रविवारी रांग लावून नेतात. कुत्र्याच्या दृष्टीने कलेजी छातीच्या मांसापेक्षा जीवनसत्त्वांनी कितीतरी समृद्ध आहे. शंका घ्यायची ती मोघमपणाची. ‘पोल्ट्री बाय-प्रॉडक्ट मील’ लिहिलं असेल तर निदान प्राणी कळतो. नुसतं ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’ लिहिलं की आज कोंबडी, उद्या आणखी काही, बाजारात जे स्वस्त असेल ते. अ‍ॅलर्जीने खाजवणाऱ्या कुत्र्यासाठी तर अशी पिशवी निरुपयोगी, कारण काय टाळायचं तेच कळत नाही. या मीलमध्ये हाडाचं प्रमाण जास्त असेल तर राख वाढते. म्हणून राखेचा आकडा छापणाऱ्या कंपनीबद्दल मला आदर वाटतो.

धान्याबद्दलची भीतीही अशीच वाढवलेली आहे. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचत नाही, असं ठासून सांगितलं जातं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीच्या काळात कुत्रा त्याच्या उरल्यासुरल्यावर जगला आणि बदलला. आपल्या गावठी कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर निघाल्या त्या यामुळे. शिजलेला तांदूळ किंवा मका कुत्र्याला नीट पचतो. आणि दाणा बनवायचा तर पिष्ट लागतंच: पीठ गरम वाफेत, दाबाखाली शिजवून साच्यातून बाहेर ढकलतात, तेव्हा पिष्ट फुगतं आणि दाणा आकार धरतो. 1950 च्या दशकात अमेरिकेत ही एक्स्ट्रुजनची पद्धत कुत्र्यांच्या खाद्याला लावली गेली आणि आजचा दाणा जन्मला. ‘ग्रेन-फ्री’ दाण्यांत धान्याची जागा बटाटा, वाटाणा, मसूर, साबुकंद घेतात. अशा वाटाणा-मसूरबहुल दाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू ताणून दुबळे होण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली. ठाम निष्कर्ष निघालेला नाही. पण विशेष कारण नसताना जादा पैसे मोजून ग्रेन-फ्री घ्यावं, असं मला काही दिसत नाही. पूर्ण शाकाहारी दाणेही बाजारात आहेत. प्रथिनांची नीट सांगड घातलेल्या शाकाहारी अन्नावर प्रौढ कुत्रा निरोगी राहू शकतो. पिल्लाच्या बाबतीत मी ती जोखीम घेणार नाही.

पिल्लाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथलं नुकसान नंतर भरून येत नाही. घरात जर्मन शेफर्डचं किंवा लॅब्रडॉरचं पिल्लू आलं की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात कॅल्शियमच्या सिरपचा. हाडं मजबूत होतील, कान उभे राहतील. पिल्लू जर वरण-भात आणि दूध-पोळीवर किंवा नुसत्या उकडलेल्या चिकनवर असेल तर कॅल्शियम कमी पडतं हे खरं. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. पण ते पिल्लांसाठीचे परिपूर्ण दाणे खात असेल तर हिशेब आधीच केलेला आहे: कोरड्या वजनावर किमान 1.2 टक्के कॅल्शियम आणि फॉस्फरसशी त्याचं प्रमाण एकास एक ते दोनास एक. मोठेपणी 32 किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी आफकोने कमाल मर्यादा 1.8 टक्क्यांवर आणली आहे, इतरांसाठी 2.5. याला कारण आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. दिलं तितकं बरंचसं शोषलं जातं. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठात 1980 च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं, की जादा कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांच्या हाडांची आणि सांध्यांतल्या कूर्चेची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात. म्हणजे सिरप ज्यासाठी द्यायचं त्याच्या नेमकं उलट. मोठ्या जातीच्या पिल्लाची पिशवी निवडताना मागे ‘मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह’ अशी नोंद शोधावी, कॅल्शियमचा किमान आणि कमाल दोन्ही आकडे पाहावेत आणि सिरपचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. दाण्यांत अर्धा दही-भात कालवायचीही पद्धत आहे. त्यात वाईट हेतू नसतो, पण अर्धं अन्न बदललं की दाण्यांतला खनिजांचा, जीवनसत्त्वांचा हिशेबही अर्धाच उरतो. दिवसाच्या कॅलरींचा दहावा भाग इतर खाण्यातून गेला तर बिघडत नाही.

इथवरचं सगळं पुण्यात किंवा पॅरिसमध्येही तितकंच खरं. ठाणे-कल्याण पट्ट्याचा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे, तो हवेचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची आर्द्रता नव्वदीच्या घरात जाते, आणि याच हवेत मोठ्या पोत्याचं तोंड उघडून दाणे सुट्टे विकले जातात. पोतं दुकानाच्या दारापाशी, फूटपाथला लागून; तोंडाची घडी बाहेर दुमडलेली, आत अॅल्युमिनियमचं माप खोचलेलं. गिऱ्हाईक येतं, किलो-दोन किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घेतं. त्या पिशवीवर ना उत्पादनाचा महिना, ना बॅच नंबर. पोतं काल उघडलं की गेल्या महिन्यात, हे फक्त दुकानदाराला ठाऊक. तळाला दाणे संपत आले की वर नवं पोतं ओतलं जातं, आणि जुना चुरा खाली तसाच राहतो.

यात काय बिघडतं ते दाण्याच्या रचनेत आहे. दाणा शिजून, वाळून निघाल्यावर त्याच्यावर वितळलेली चरबी आणि चवीचा अर्क फवारतात. म्हणजे सगळ्यात आधी खराब होणारा भाग सगळ्यात बाहेर असतो. कंपनी टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाची भावंडं, किंवा बीएचए-बीएचटीसारखी रसायनं घालून ती चरबी टिकवते. हवेशी झटापट करत तीही संपतात. मग चरबी खवट होते, तिच्याबरोबर ई जीवनसत्त्व आणि आवश्यक मेदाम्लं जातात. मुठीत घेऊन चोळलेल्या चांगल्या दाण्याला भाजल्यासारखा, किंचित मांसाचा वास येतो. खवट झालेल्याला जुन्या खोबऱ्यासारखा उग्र वास येतो आणि तो बोटांना चिकटून राहतो.

खवटपणाला निदान वास असतो. बुरशीच्या विषाला तोही नसतो. अ‍ॅस्परजिलस बुरशी मक्यावर, शेंगदाण्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि दाणे बनवतानाच्या उष्णतेत ते पूर्ण नष्ट होत नाही. कुत्र्याचं यकृत त्याला फार हळवं असतं. 1974 च्या शेवटी महाराष्ट्राच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी गावांत कावीळ पसरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. त्याच घरांतली कुत्रीही तशाच काविळीने, पोटात पाणी होऊन मेली. धन्याच्या ताटातला मका त्यांच्याही वाट्याला आला होता. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत दाण्यांच्या काही बॅचेसमध्ये हेच विष निघालं आणि शंभराहून अधिक कुत्री मेल्याची नोंद झाली. तिथे बॅच नंबर जाहीर करून माल परत मागवता आला. आपल्या सुट्ट्या किलोभर दाण्यांचा बॅच नंबर विचारायचा कुणाला?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मध्यम दर्जाची सीलबंद छोटी पिशवी ही उत्तम दर्जाच्या उघड्या पोत्यापेक्षा चांगली. पिशवी अशी घ्यावी की उघडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपेल. रोज दोनशे ग्रॅम खाणाऱ्या बीगलला सहा किलो पुरेत; वीस किलोच्या पोत्यावरची सूट पावसाळ्यात महागात पडते. दाणे डब्यात ओतण्याऐवजी मूळ पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवावेत. पिशवीचा आतला थर त्यासाठीच असतो, आणि रिकाम्या डब्याच्या भिंतींना राहिलेली जुनी चरबी नव्या मालाला लवकर खवट करते. डबा ओट्याखाली ओलीत किंवा गॅलरीत उन्हात नको. वाडग्यात सकाळी भरून ठेवलेले दाणे संध्याकाळपर्यंत दमट होतात, मुंग्या लागतात. दोन वेळा मोजून द्यावेत आणि उरलेले उचलावेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालणारी मंडळी मोठी पोती घेतात, त्यांचं पोतं लवकर संपतं म्हणून त्यांना धोका कमी. पण पोतं सोसायटीच्या मीटर रूममध्ये ठेवलेलं असेल तर तिथली ओल एकदा पाहून घ्यावी.

शेवटची तपासणी कुत्र्यावरच होते, फक्त चुकीच्या खुणा सोडून द्याव्या लागतात. ‘आमचा तुटून पडतो’ ही दर्जाची खूण नव्हे. तो फवारलेला अर्क असतोच त्यासाठी. आणि लॅब्रडॉरची साक्ष तर घेऊच नये. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं, की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रडॉरांत भुकेला आवर घालणाऱ्या पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला असतो. खऱ्या खुणा संथ असतात. विष्ठा घट्ट, कमी आणि उचलता येईल अशी. ढीग मोठा होऊ लागला तर बरंच काही न पचता बाहेर पडतंय. सहा-आठ आठवड्यांत केसांना तकाकी येते, कोंडा कमी होतो. आणि वजन. छातीवरून हात फिरवला तर फासळ्या बोटांना लागाव्यात, डोळ्यांना उठून दिसू नयेत. वरून पाहिलं तर कंबर दिसावी. अमेरिकेत 48 लॅब्रडॉरांवर चौदा वर्षं चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच खाद्यावरच्या कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला जोडीदारापेक्षा चौथा हिस्सा कमी दिलं. तो गट साधारण तेरा वर्षं जगला, दुसरा अकरा वर्षं दोन महिन्यांच्या आसपास. खाद्य तेच, फरक मापाचा. पिशवीवरचा तक्ता धावत्या कुत्र्याला गृहीत धरून बनवलेला असतो. दिवसभर टाइल्सवर झोपणाऱ्या, नसबंदी झालेल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला त्यातून वीस-तीस टक्के कमी करावं लागतं, आणि ते वजनकाट्यावर मोजून.

एवढं करूनही काही गोष्टी पिशवीवर सापडत नाहीत. त्यासाठी मागे छापलेला ग्राहक सेवेचा नंबर आहे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना, म्हणजे ‘वसावा’, मालकांनी कंपनीला काय विचारावं याची यादीच देते. हा दाणा कुणी आखला, त्या व्यक्तीचं पशुपोषणातलं शिक्षण काय? स्वतःच्या कारखान्यात बनतो की दुसऱ्याकडून बनवून घेता? किलोला कॅलरी किती? कॅल्शियम किमान नको, तयार मालात प्रत्यक्षात किती ते सांगा. त्यात मी आपल्या हवेसाठी एक भर घालीन: मक्याची आणि तयार मालाची अफ्लाटॉक्सिन चाचणी प्रत्येक बॅचला करता का? फोनवर मुलगी ‘विचारून सांगते’ म्हणेल, त्यात तिचा दोष नाही. ईमेल पाठवावा आणि आठवडाभर थांबावं. कॅलरी आणि कॅल्शियम हे आकडे ठाऊक असल्याशिवाय दाणा आखताच येत नाही, त्यामुळे ते कंपनीकडे असतातच. जी कंपनी ते देत नाही, तिची पिशवी मी घेत नाही. ठाण्या-कल्याणच्या पेट शॉपवाल्यांनी हेच प्रश्न आपल्या वितरकाला विचारायला सुरुवात केली तर उत्तरं आपल्या एकट्याच्या ईमेलपेक्षा लवकर येतील, कारण महिन्याला पन्नास पोती उचलणाऱ्याचा फोन वितरक टाळत नाही.